ओळीतलं तण काढणारा रोबोट: कोबी-कांद्याला आपल्या रानात चालेल का?

निफाड_गादीवाफा

राम राम मंडळी,

गटाचं मिळून ४० एकर रान, निफाड आणि सिन्नरच्या हद्दीवर. कोबी-फ्लॉवर गादीवाफ्यावर, ठिबकवर. रब्बीला उन्हाळ कांदा, खरिपात सोयाबीन. दोन ओळींमधलं तण पॉवर विडरने नाहीतर छोट्या ट्रॅक्टरच्या कोळप्याने निघतं, तिथे अडत नाही. अडतं ते ओळीत, रोपाला खेटून उगवलेल्या तणापाशी. तिथे खुरपंच लागतं, आणि नेमक्या कांदा लागवडीच्या दिवसांत खुरपायला माणूस मिळत नाही.

युरोप-अमेरिकेतले तण काढणारे रोबोट व्हिडिओत झकास दिसतात. पण व्हिडिओतली जमीन भुसभुशीत, ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ आणि तण कायम बोटाएवढं. जाहिरात नको आहे. ही यंत्रं चालवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कुणी सांगा: ओळीतलं तण नक्की कसं काढतात, पीक किती मरतं, बिघडतं काय, दिवसाला किती एकर होतं. काळ्या रानात चालेल का? लव्हाळ्याचं काय? आणि गटाने घेऊन भाड्याने फिरवलं तर परवडेल का?

---

सॅलिनास_पाना

कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूस, ब्रोकोली, कोबी, सेलरीत जी यंत्रं फिरतात त्यांच्याबद्दल लिहितो. ती बहुतेक ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली असतात, ड्रायव्हर वर बसलेलाच असतो. आपोआप चालते ती फक्त सुरी.

रचना अशी. प्रत्येक ओळीवर एक कॅमेरा, त्याभोवती ऊन अडवणारं झाकण आणि आत एलईडी दिवे, म्हणजे सकाळ-दुपारचा उजेड कसाही असला तरी चित्र सारखंच येतं. कॅमेऱ्याच्या मागे साधारण ६० सेंटिमीटरवर सुऱ्यांची जोडी. सुऱ्या एरवी ओळीत मिटलेल्या राहून २ ते ३ सेंटिमीटर खोलीवर माती कापत जातात, रोप आलं की दोन बाजूंना उघडतात, रोप गेलं की पुन्हा मिटतात. डेन्मार्कचा रोबोव्हेटर याच पद्धतीचा. इंग्लंडच्या गारफर्डच्या यंत्रात सुऱ्यांऐवजी एका जागी खाच असलेली फिरती तबकडी असते, ती खाच बरोबर रोपापाशी यावी असा तिचा वेग जुळवलेला असतो.

आता खरी मेख. रोप कॅमेऱ्याखाली दिसल्यापासून सुरीखाली येईपर्यंत किती अंतर गेलं, हे यंत्राला एक मोजचाक सांगतं. त्या चाकाने ५ टक्के चूक केली तर ६० सेंटिमीटरला ३ सेंटिमीटर फरक पडला. रोपाच्या दोन्ही बाजूंना सोडलेली जागाच मुळात ३ सेंटिमीटरची. म्हणजे रोप कापलं गेलंच. म्हणून पीक मरायला लागलं की आधी सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, खाली उतरून बघा:

सगळ्या ओळींत, न कापलेली जागा रोपाच्या पुढे सरकलेली दिसते, पुढे म्हणजे ट्रॅक्टर जातो त्या दिशेला? मोजचाक घसरतंय किंवा त्याला चिखलाचा थर बसून घेर वाढलाय. दोन्हींत चाक कमी फेरे मारतं, यंत्राला वाटतं अजून पोचलोच नाही, आणि सुरी उशिरा उघडते.

सगळ्या ओळींत जागा रोपाच्या मागे सरकलेली? मोजचाक टायरचं असेल तर हवा कमी आहे. घेर लहान झाला, फेरे जास्त पडले, सुरी लवकर उघडून लवकर मिटली.

एकाच ओळीत गडबड? त्या ओळीचा व्हॉल्व्ह, सुरीचा सैल बोल्ट किंवा कॅमेऱ्याचा हललेला कोन. हवेवर चालणाऱ्या यंत्रात त्या सिलिंडरची नळी गळते का ते कानाने ऐकू येतं.

कुठेही, कसंही, नियम नाही? मग ओळखण्यात चूक आहे. काचेवर धूळ, झाकणाचा पडदा फाटून आत आलेलं ऊन, किंवा तण पिकाएवढं मोठं झालंय.

हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त वेळा निघतं. तण दोन ते चार पानांवर असताना आणि पीक त्याच्या किमान दुप्पट असतानाच काम चोख होतं. रोप लावलेल्या पिकाला ही आघाडी आयती मिळते, म्हणून कोबी-ब्रोकोलीत निकाल चांगला. पानं एकमेकांत गुंतली की कॅमेऱ्याला नुसती हिरवी चादर दिसते.

फायदा किती? ब्रोकोली आणि रोप लावलेल्या लेट्यूसमध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या चाचण्यांचे आकडे २०१६ मध्ये छापून आले. साध्या कोळप्याच्या तुलनेत अशा यंत्राने मध्यम ते दाट तणात १८ ते ४१ टक्के जास्त तण काढलं आणि हाताने खुरपायचा वेळ २० ते ४५ टक्क्यांनी कमी केला. तण विरळ असेल तिथे साध्या कोळप्यापेक्षा वेगळा काही फरक पडला नाही. म्हणजे यंत्रामागून खुरपणाऱ्या बाया लागतातच, कमी लागतात एवढंच. "मजूर शून्य" म्हणणाऱ्या विक्रेत्यासमोर हे आकडे ठेवा.

लेझरचं थोडक्यात. सिएटलच्या कार्बन रोबोटिक्सच्या पहिल्या मोठ्या यंत्रात ३० लेझर, सुमारे ६ मीटर रुंदी, किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे. माती हलत नाही, त्यामुळे खालचं तणाचं बी वर येत नाही. दाट पेरलेल्या गाजर-पालक-कांद्यात, जिथे सुरी शिरूच शकत नाही, तिथे त्याला तोड नाही. पण तो वाढीचा कोंब जाळतो. गवतवर्गीय तणाचा कोंब बराच काळ जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो आणि लव्हाळ्याची गाठ तर मातीत खोल. वरचं जळतं, खालून पुन्हा फुटतं. तण दाट असेल तर यंत्राला चालच कमी ठेवावी लागते, मग दिवसाचा हिशेब कोसळतो.

लव्हाळ्याला सुरीही तेच करते, फक्त कापते. त्यावर रोबोट हा उपाय नाही. पिकाआधी रान तापवणं, गाठी वर काढणं, हेच.

---

बीट_डेन्मार्क

वरच्या उत्तरात एक प्रकार राहिला. डेन्मार्कचा फार्मड्रॉइड एफडी २०. हा तण ओळखत नाही, त्याला कॅमेराच लागत नाही. पेरणी तोच करतो, आरटीके जीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं जीपीएस) प्रत्येक बी कुठे टाकलं ते नोंदवून ठेवतो आणि नंतर त्या जागा सोडून बाकी सगळीकडे माती हलवतो. मोठा फायदा हा की बी उगवायच्या आधीच ओळीतली पहिली फेरी मारता येते. तण पांढऱ्या दोऱ्यासारखं मातीतच असताना मोडतं.

वरती चार सौर पट्ट्या, खाली बॅटरी, चाल ताशी कमाल ९५० मीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम २६ सेंटिमीटर. सहा ओळी ५० सेंटिमीटरवर धरल्या तर ३ मीटर रुंदी. रात्रंदिवस चालला तर कागदावर दिवसाला ६ हेक्टर, आणि एका यंत्राने हंगामभर साधारण २० हेक्टर सांभाळावं असा हिशेब. सेंद्रिय साखर-बीट हे त्याचं हक्काचं पीक.

काय चुकतं: बी नळीतून पडताना उसळलं किंवा ढेकळावरून घरंगळलं तर नोंद एका जागी आणि रोप दुसऱ्या जागी. रोबोट निमूटपणे ते रोप कापून पुढे जातो, त्याला दिसतच नाही. म्हणून पेरणीआधी वरचा ५ सेंटिमीटर थर बारीक आणि एकसारखा लागतो. दगड अडकला, चाक रुतलं, दोन ओळींमधलं तण काढणारी तार गुंतली की मोबाइलवर निरोप येतो आणि कुणीतरी जावंच लागतं. एकट्याला सोडून गावाला जायचं यंत्र नव्हे. शेतात विजेचा खांब, विहीर, झाड असेल तर ते नकाशात आधी आखून द्यायचं, नाहीतर सुरक्षेची तार लागून तिथेच उभा राहतो.

कांद्यासाठी इथली युक्ती तुमच्या कामाची असू शकते. एकेक बी न टाकता एका जागी चार-पाच बिया टाकतात आणि पुढच्या झुपक्यापर्यंत मोकळी जागा सोडतात. कांदे एकमेकांना ढकलून बाजूला फुगतात. रोपांची संख्या तीच, पण ओळीत सुरीला जागा मिळते. पण हे पेरीव कांद्याचं झालं. हाताने लावलेल्या रोपांची नोंद या यंत्राकडे नसते, त्यामुळे तुमच्या उन्हाळ कांद्यात हा काही कामाचा नाही.

आणखी एक. या धंद्यात कंपन्या टिकत नाहीत. इंग्लंडची स्मॉल रोबोट कंपनी २०२४ मध्ये बंद पडली, सॅलिनासच्या फार्मवाइजचा धंदा २०२५ मध्ये टेलर फार्म्सने उचलला. यंत्र विकत घेताना विचारा: सर्व्हर बंद झाला तर हे चालेल का? नकाशा, चाल, ओळींची नोंद यंत्रातच साठते की दूरच्या संगणकावर? वर्षाची वर्गणी थकली तर सुरी हलते का? उत्तर लेखी घ्या.

---

पासवाला_नगर

वरच्या दोघांनी यंत्र छान सांगितलं. आता आपलं रान.

दादा, तुमची तिन्ही पिकं तीन वेगळे प्रश्न आहेत, एका यंत्रात बसवू नका. यंत्र ताशी २ किलोमीटरने चाललं तर सेकंदाला ५५ सेंटिमीटर. कोबी ४५ सेंटिमीटरवर असेल तर सुरीने सेकंदाला सव्वा वेळा उघडायचं, सहज जमतं. कांदा १५ बाय १० वर. म्हणजे सेकंदाला साडेपाच वेळा उघड-मीट, आणि रोपाच्या दोन्ही अंगांना ३-३ सेंटिमीटर सोडले तर कापायला उरतात ४ सेंटिमीटर. त्यात सपाट वाफ्यातल्या हातलागवडीत ओळ अशी नसतेच, बाई बसेल तिकडे ओळ वाकते. कांद्याची पात उभी आणि बारीक, शेजारी गवत असलं की कॅमेऱ्याचाही गोंधळ. सोयाबीनला ४५ बाय ५, तिथे ओळीत सुरी घालायचा विचारच नको. ओळींमधे कोळपून मातीची हलकी भर ओळीत ढकलली की बारीक तण दबतं, तेवढं पुरतं.

म्हणजे राहिली कोबी-फ्लॉवर. तिथे वाव आहे.

काळ्या रानाचं बोलू. अडचण वापशाची. ओलं असेल तर चिकण माती सुरीला लपेटते. दोन्ही सुऱ्यांवर १-१ सेंटिमीटर थर बसला की उघडलेली फट २ सेंटिमीटरने अरुंद झाली, मग रोप कापत नाही पण मुळासकट हलतं आणि दोन दिवसांनी माना टाकतं. कारण कळत नाही, लोक मर रोग समजून औषध ओततात. वाळलेलं असेल तर उलट. वरची पापडी कडक, सुरी खाली गेली की तळहाताएवढी खपली उचलली जाते आणि तिच्यासोबत रोप. दोन्हींच्या मधला काळ निफाडच्या भारी जमिनीत फार थोडा. ५ सेंटिमीटर खालची माती मुठीत दाबा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटली तर चालवा, चपटी होऊन बसली तर थांबा. खरिपात झड लागली की यंत्र गोठ्यात आणि तण रानात, हे ठरलेलं. सिन्नरकडच्या हलक्या, मुरमाड रानात हा त्रास कमी. सुरुवात तिथल्या रब्बीच्या कोबीपासून करा.

कॅमेऱ्याच्या आधी एक स्वस्त गोष्ट आजमावा: रबरी बोटांची चकती, दोन्ही बाजूंनी ओळीत बोटं घालणारी. चकतीखालच्या लोखंडी खुंट्या मातीत रुतून तिला फिरवतात, मोटर नाही, संगणक नाही. चाल ताशी ४ ते ६ किलोमीटर. हळू चालवली तर बोटं नुसती मातीवरून सरकतात. पीक मुळं धरल्यावरच वापरायची. खूण सोपी आहे, पान धरून ओढा: पान फाटलं आणि रोप जागेवर राहिलं तर हरकत नाही, रोप हातात आलं तर अजून आठवडाभर थांबा. कोवळ्या पिकात समोरासमोरच्या बोटांत २-३ सेंटिमीटर फट ठेवा, पीक जून झालं की टोकं एकमेकांना टेकवा. तण मात्र दोऱ्याएवढंच असायला हवं. चार पानांचा माठ किंवा घोळ या बोटांना दाद देत नाही, आणि घोळ तर उपटून तिथेच पडली तरी ओलीवर पुन्हा रुजते.

प्रत्येक ओळीचं युनिट वेगळं, समांतर चौकटीवर टांगलेलं आणि खोली धरणारं स्वतःचं चाक असलेलं हवं. सगळ्या पासा (माती कापणाऱ्या पात्या) एकाच दांड्यावर आवळलेलं कोळपं घेतलं तर गादीवाफा एका बाजूला जरा खचला की एक पास हवेत आणि दुसरी मुळात.

आरटीकेबद्दल. मोबाइलचं जीपीएस ३ ते ५ मीटर इकडेतिकडे दाखवतं, आरटीकेने ते २-३ सेंटिमीटरवर येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याचे (जीपीएसची चूक दुरुस्त करणारी कायमची केंद्रं) संदेश सिमकार्डवरून घेता येतात, किंवा बांधावर स्वतःचं तसंच केंद्र, म्हणजे बेस, ठेवायचा. सिमची रेंज गेली की यंत्राची जागा आधी सेंटिमीटरने आणि मग वितीने सरकते. स्क्रीनवर 'फिक्स'चं (पक्की जागा) 'फ्लोट' (अंदाजे जागा) झालं की यंत्राने स्वतःहून थांबायला हवं. ही सोय नसेल तर ते यंत्र ओळीत घालू नका. आणि एक ध्यानात घ्या, आरटीकेने आखलेले गादीवाफे हे रोबोट न घेताही फायद्याचे. ओळ सरळ मिळाली की साधं कोळपंही रोपाच्या १० ऐवजी ५ सेंटिमीटर जवळून नेता येतं, आणि खुरपायची पट्टी निम्मी होते.

अनुदान: महाडीबीटीवर पॉवर विडर आणि ट्रॅक्टरची अवजारं आहेत. चाचणी अहवाल असलेलं मॉडेलच धरतात. बाहेरून आणलेला रोबोट त्यात बसेल या भरवशावर आगाऊ रक्कम देऊन बसू नका.

---

खाचर_संगमेश्वर

मधेच विचारतो, भाताला असं काही आहे का? आमच्याकडे कोनोविडर आहे, पण तो ढकलून कमरेचा काटा ढिला होतो.

---

बीट_डेन्मार्क

@खाचर_संगमेश्वर जपानमध्ये आयगामो रोबो म्हणून एक सौर तराफा आहे, २०२३ पासून इसेकी ही कंपनी विकते. तो खाचरात तरंगत फिरतो आणि खालच्या पंख्यांनी पाणी गढूळ ठेवतो, गढुळामुळे उजेड खाली पोचत नाही आणि तण उगवत नाही. उगवलेलं तण तो काढत नाही. लावणीनंतर लगेच सोडावा लागतो आणि पहिले काही आठवडे पाण्याची पातळी सगळीकडे सारखी हवी. खाचर एका कोपऱ्यात उघडं पडलं तर तिथे तण येतं आणि तराफाही तिथेच टेकतो. डोंगर-उताराच्या लहान लहान खाचरांत रोज एकातून उचलून दुसऱ्यात टाकायचा व्याप होईल.

---

निफाड_गादीवाफा

सगळ्यांचे आभार, डोक्यातला बराच गुंता सुटला. कोबी-फ्लॉवरपुरतं बघू. दोन शंका राहिल्या. ठिबकची नळी गादीवाफ्यावर पसरलेली असते, सुरी ती कापणार नाही का? आणि भाड्याच्या हिशेबाने दिवसाला किती एकर धरायचे? विक्रेता १० म्हणतो.

---

पासवाला_नगर

१० एकर एका गादीवाफ्याच्या यंत्राने? कागदावर.

दीड मीटरचा गादीवाफा, चाल ताशी २ किलोमीटर. एक एकर म्हणजे १०० बाय ४० मीटर धरा. वाफे १०० मीटर लांबीत काढले तर २७ वाफे, प्रत्येकी ३ मिनिटं, ८१ मिनिटं. वळायला दर वेळी ४० सेकंद, १८ मिनिटं. झाले ९९. तेच वाफे ४० मीटरच्या बाजूने काढले तर ६७ वाफे, कापायची मिनिटं तेवढीच ८०, पण वळण्यात ४५ जातात. सव्वाशे मिनिटं. याच्या वर सुऱ्या साफ करणं, काच पुसणं, सकाळची जुळवणी, आणि एका शेतातून दुसऱ्यात ने-आण. आठ तासांत ४ एकर धरा, त्यापेक्षा जास्त झाले तर गुळाचा खडा वाटा.

आता यातून निघणारी गोष्ट भाड्यापेक्षा मोठी. तण दोन ते चार पानांत असण्याचा काळ पाच-सहा दिवस. ४ च्या हिशेबाने त्यात २० ते २४ एकर. गटाने सगळ्या ४० एकरांवर एकाच आठवड्यात कोबी लावली तर निम्म्या रानात यंत्र उशिरा पोचणार, तिथे पीक कापणार आणि पैसे द्यायच्या वेळी भांडणं होणार. लावणीच दर आठवड्याला ७-८ एकर अशी पुढे-मागे करा. मग पहिली फेरी, दुसरी फेरी आणि पावसाने बुडालेला एखादा दिवस हे सगळं बसतं. वाफ्याची रुंदी, ओळींमधलं अंतर आणि वळायला दोन्ही टोकांना किमान ५ मीटर जागा, हे गटातल्या प्रत्येकाने एकच ठेवायचं. एकाने १२० सेंटिमीटरचा वाफा काढला की त्याच्यासाठी चाकांची रुंदी बदलण्यातच सकाळ जाते.

आणखी एक, लावणीच्या आधी वाफे भिजवून तण उगवू द्या. आठ-दहा दिवसांनी वरचा २-३ सेंटिमीटर थर खरवडून ते मारा आणि त्याच वाफ्यावर रोप लावा. खोल हलवू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. यंत्रापुढे येणारं तण विरळ झालं की चूकही कमी.

---

सॅलिनास_पाना

नळीबद्दल. सुरी नळी कापते, हमखास. कॅमेरा पिकाकडे बघतो, काळ्या नळीची त्याला पर्वा नाही. सॅलिनासमध्ये बरेच जण रोपं किंवा पेरणी तुषारवर जगवतात, पहिली विरळणी-खुरपणी आटोपली की मग नळ्या अंथरतात. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून ठिबक लागत असेल तर दोन पर्याय. एक, नळी दोन ओळींच्या बरोबर मधोमध, लावणीआधी यंत्रानेच ५ ते ७ सेंटिमीटर खोल पुरायची आणि मधली पास त्यावरून जाणार नाही अशी काढून ठेवायची. दोन, वर ठेवलीच तर दर ३-४ मीटरला तारेचा आकडा ठोकायचा. दुपारच्या उन्हात नळी तापून लांबते, सापासारखी वळते आणि ओळीत घुसते. म्हणून वरच्या नळीवर काम सकाळी, ती गार आणि सरळ असताना. कामाआधी पाणी बंद आणि वाफ्याची टोकं चालून बघा, नळी शेवटच्या दोन मीटरमध्ये सगळ्यात जास्त सरकलेली असते.

कापली गेलीच तर जोडणी लगेच करा. कोरड्या राहिलेल्या तेवढ्या तुकड्यातलं पीक बसतं आणि पुढच्या फेरीला ते तणापेक्षा लहान असल्याने कॅमेरा त्यालाच तण समजतो.

सुटं सामान जवळ ठेवायचं ते असं: सुऱ्यांचे दोन जादा संच, कारण मुरमाड रानात धार झपाट्याने जाते आणि बोथट सुरी कापत नाही, ढकलते. एक सिलिंडर, एक व्हॉल्व्ह, हवेची नळी आणि जोड, मोजचाकाचा सेन्सर, एक कॅमेरा वायरसकट. फ्यूज. काच पुसायला मऊ फडकं आणि साधं पाणी, डिझेलचं फडकं काचेला लावू नका. हंगाम संपल्यावर यंत्र उघड्या शेडमध्ये ठेवाल तर वायरी लोखंडी पाइपमधून घ्या. उंदीर सेन्सरची बारीक वायर कुरतडतात, आणि ती तुटली की स्क्रीनवर भलतीच चूक दाखवते.

---

निफाड_गादीवाफा

नळी पुरायचं जमेल, सऱ्या पाडणाऱ्या यंत्रालाच जोड मिळतो. विक्रेत्याकडून एक दिवसाचं प्रात्यक्षिक घ्यायचं म्हणतोय. कोणत्या रानात घेऊ?

---

पासवाला_नगर

त्याने निवडलेल्या नको. तुमच्या गटातल्या सगळ्यात भारी जमिनीत, पाणी दिल्यापासून चौथ्या दिवशी, कोबी लावून अठरा-वीस दिवस झालेली आणि मधे एकदाही न खुरपलेली. सुरू करण्याआधी दहा-दहा मीटरचे चार तुकडे खुंट्या ठोकून आखा, प्रत्येकातली कोबीची रोपं आणि ओळीतलं तण मोजून वहीत लिहा. काम झाल्यावर लगेच मोजा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. हललेली रोपं त्याच दिवशी उभी दिसतात, मरतात नंतर. शंभरात दोन-तीन रोपं गेली तर चालवून घ्या. पाचाच्या वर गेली तर त्याच्यासमोरच मोजचाक साफ करून, सुऱ्या जुळवून दुसऱ्या वाफ्यावर पुन्हा घ्या, आणि ती जुळवणी त्याचा माणूस न येता तुमच्या पोराला जमते का तेही बघून घ्या.